बसलेली मुनिया कुणाचीही

३ फेब्रुवारी

ताई,

अक्षर ओळखलंस ना? फाडायचं असेल तर वाचून फाड. फोन तू उचलत नाहीस. दुसऱ्याच्या नंबरवरून केला तरी माझा ‘हॅलो’ ऐकला की ठेवून देतेस. म्हणून हे पांढऱ्यावर काळं करतेय.

अप्पांना काहीतरी झालंय.

आजारी नाहीत. ताप नाही, खोकला नाही, जेवण माझ्यापेक्षा जास्त. पण हल्ली रोज सकाळी गच्चीवरच्या पक्ष्यांच्या जाळीघरात जातात, बराच वेळ स्टुलावर बसतात, आणि खाली येऊन मला हळूच सांगतात, “ह्या आपल्या मुनिया नाहीत.”

आधी वाटलं, गंमत करतायत. मी म्हटलं, “मग काय शेजाऱ्यांच्या आहेत? भाडं घेऊया.” हसले नाहीत. दाराकडे बघितलं, आवाज आणखी खाली आणला आणि म्हणाले, “बदके, कुणीतरी बदलून ठेवल्यात. चेहरे तेच आहेत. पण आपल्या नाहीत.”



तू गेलीस तेव्हा होतं तसंच आहे वर. डाव्या भिंतीला पांढऱ्या कमरेच्या, उजवीकडे काळ्या कमरेच्या, मधे जाळी. दोन्हींची चोच चंदेरी, दोन्हींची पाठ मातकट, दोन्ही अंगठ्याएवढ्या. पंख मिटून काठीवर बसल्या की कंबर झाकली जाते आणि मग ब्रह्मदेवाला सांगता येणार नाही कुठली कुठली. तू मला शिकवायला बसायचीस आणि मी भोकाड पसरायचे, आठवतं? अप्पा म्हणायचे, “रडू नको गं. बसलेली मुनिया कुणाचीही. उडाली की कळतं आपली कोण.” तुला मात्र बसलेलीही कळायची. म्हणून तू घार आणि मी बदक. अर्थात मी बदक ते चालण्यावरून. अजूनही डावा पाय आत पडतो माझा, चपलेची एकच बाजू झिजते.

डोळे असतील म्हणून मी त्यांना आमच्या चष्म्याच्या दुकानात नेलं. हो, अजून तिथेच आहे मी, काउंटरवर. आमच्या तपासणाऱ्या बाईंनी तक्ता दाखवला. अप्पांनी शेवटची ओळ वाचली आणि तिच्या खाली छापखान्याचं नाव असतं तेही वाचलं. बाई म्हणाल्या, “ह्यांना चष्मा कशाला, ह्यांनाच इथे बसवा.” म्हणजे डोळे नाहीत. मग काय आहे, ह्या विचाराने माझी झोप उडालीय.

तुझं नाव घरात अजून कुणी काढत नाही. मीही नाही, खोटं कशाला सांगू. पण ह्यात मला दुसरं कुणी सुचत नाही. प्रत्येक पक्ष्याची खात्री कशी करायची तेवढं सांग. निदान ते चुकतायत एवढं तरी मला सिद्ध करून दाखवता येईल.

भीती वाटते गं. बाकी काही नाही.

बदक


१९ फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड आलं. “पकड. उलटी धर. शेपटीच्या मुळाशी फुंकर मार.” बस्स! ना प्रिय, ना आशीर्वाद. अगं, औषधाच्या बाटलीवर ह्याच्यापेक्षा माया असते. पण मी ते कार्ड दुकानात तीनदा पर्समधून काढून वाचलं आणि तपासणाऱ्या बाईंना म्हटलं, माझ्या बहिणीचं पत्र आहे.

तर ऐक. रविवारी ह्यांना दुकान बंद ठेवायला लावलं. तुझे मेहुणे पंखे दुरुस्त करतात, तेव्हा वर चढणं-उतरणं त्यांना जमतं. पण जाळं घेऊन मुनियांच्या मागे धावताना जे काय दिसत होते! एक मुनिया जाळ्यात, चार डोक्यावर. अप्पा स्टुलावरून बघत होते.

मी एकेक उलटी धरून फुंकर मारायला लागले. पिसं बाजूला झाली की खाली पांढरं. पुढची, पांढरं. त्याच्या पुढची, पांढरं. मला बरंही वाटत होतं आणि रडूही येत होतं, कारण अप्पा चुकले की नाही चुकले, दोन्हींत माझी वाटच लागणार होती.

आणि मग काळं आलं.

ताई, पांढऱ्यांच्या बाजूला काळी! मग आणखी एक. मग अशी काही की कंबर ना धड पांढरी ना धड काळी, राख फासल्यासारखी. म्हणजे दोन्हींच्या मिसळीची. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे वर आकाशाकडे बघायला लागले.

मग बाहेर पडलं सगळं. मागच्या वर्षी मी दुकानाच्या कामाला बाहेरगावी गेले होते, तेव्हा उंदराने मधली जाळी खालून कुरतडली आणि पक्षी इकडचे तिकडे झाले. ह्यांनी तारेने जाळी शिवली आणि कुणाला काही न बोलता पक्षी जागेवर टाकले. मी म्हटलं, “अहो, पण कुठला कुठला ते कसं कळलं तुम्हाला?” तर म्हणतात, “त्यात काय? इकडे दहाबारा जास्त दिसत होत्या, तेवढ्या तिकडे टाकल्या. हिशोब बरोबर!” हिशोब! पंख्याची पाती आहेत का ती?

पण मी त्यांच्यावर चिडले नाही. मला एवढा आनंद झाला होता की त्यांच्या गळ्यात पडले असते, हात पिंजऱ्यात घाण झाले नसते तर. अप्पा वेडे नाहीत! आम्हीच आंधळे! काठीवर बसलेल्या, पंख मिटलेल्या पक्ष्यांत त्यांना खोट दिसली आणि मी त्यांना तक्ता वाचायला बसवत होते. मी संध्याकाळी केक आणला. अप्पांना म्हटलं, “चुकलो आम्ही. तुम्ही म्हणत होता तेच खरं.” त्यांनी मान हलवली, दोनदा. केक खाल्ला.

काळ्या आणि मिसळीच्या वेगळ्या केल्या, ते सगळं अप्पांनीच बघितलं. आता वर सगळं ठीक आहे.

तुझे आभार कसे मानू? मानले तर तू आणखी चिडशील. कधी आलीस तर बरं वाटेल, एवढंच लिहिते, आणि लगेच पुढे जाते.

एक बारीकशी गोष्ट. काल संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते, अप्पा दारात येऊन म्हणाले, “बाई, चहा ठेवता का जरा?” ठेवता का! मला! मी म्हटलं, “ठेवते हो साहेब.” खेळात असतील. केकचा परिणाम.

बदक


६ मार्च

ताई,

खेळ नव्हता.

ते मला अहो म्हणतात. “अहो बाई, टॉवेल कुठे असतो?” “बाई, तुम्ही बसा, मी घेतो पाणी.” आयुष्यात त्यांनी मला कधी असं मानाने वागवलं नव्हतं, आणि आता ते ऐकलं की मी हातातलं काम टाकून दुसऱ्या खोलीत जाते. आईने मला गाढव म्हटलं असेल, तू मूर्ख म्हटलं असशील, पण ते ‘अहो’ कानात शिरतं ना, तसं कधी काही शिरलं नाही.

ह्यांना त्यांनी बाहेर नेऊन सांगितलं, पुरुषापुरुषांत बोलावं तसं. “जावईबापू, तुम्ही साधे आहात, तुमच्या लक्षात आलेलं नाही. घरात जी बाई वावरते ती आपली नाही. चेहरा तोच आहे. काम चोख केलंय ज्यानं केलंय त्यानं.”

मी हनुवटीवरची जखम दाखवली, झोपाळ्यावरून पडल्याची. त्यांनी वाकून नीट बघितली, आमच्या बाई डोळे बघतात तशी, आणि म्हणाले, “हीसुद्धा बरोबर केलीय.” फोटो दाखवले तर फोटोतल्या मला ओळखलं. “ही माझी बदक,” म्हणाले, आणि फोटोवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे बघितलं, मला वाईट वाटू नये म्हणून की काय, आणि म्हणाले, “तुम्हीही काही कमी नाही दिसत.”

मी ओरडले, ताई. “अप्पा, मीच आहे!” तर शांतपणे म्हणाले, “पक्ष्यांच्या वेळीही तुम्ही सगळे नाहीच म्हणत होता.”

बरोबरच आहे त्यांचं. केक आणून, ताट-वाटी मांडून, मीच त्यांना सांगितलं की तुम्ही म्हणता तेच खरं. ‘तुम्हाला नाही कळणार तर कुणाला’ हेही मी म्हणाले होते, ते तुला लिहिलं नाही. माझ्याच हाताने माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला.

आणखी एक लिहिलं नाही. वेगळ्या केलेल्या पक्ष्यांचं अप्पांनी काय केलं ते. तुला कळलं असेलच, म्हणून तू पुढे पत्र टाकलं नाहीस का? मी खाली केकसाठी सुरी शोधत होते. वर गेले तर ते कठड्याशी उभे होते. एक मुनिया मुठीत, तिचं डोकं अंगठा आणि बोटाच्या मधे. बाकीच्या कठड्यावर मांडून झाल्या होत्या, एका ओळीत, सगळ्या चोची एकाच दिशेला. अगदी तुझी चार पिल्लं मारून मांडली होती तशा. मला ती चार पिल्लं अजून दिसतात. तू पांढऱ्या नराच्या जोडीला काळी मादी सोडलीस, काय होतं बघूया म्हणून, आणि किती खूश होतीस तू, राखाडी कमरेची पिल्लं झाली म्हणून. त्याच आठवड्यात तुझ्या लग्नाचं घरात कळलं होतं, मुलगा आपल्यातला नाही म्हणून. तू कठड्याकडे बघून विचारलंस, “माणसांचंही असंच करणार का, अप्पा?” आणि ते म्हणाले, “मला मिसळ चालत नाही. निघ.”

ह्या वेळी मी तेच बघितलं आणि खाली येऊन केक कापला. कारण ते बरोबर ठरले होते ना! मला तेवढंच हवं होतं.

आता मला अप्पांच्या अंगठ्याची भीती वाटते. स्वतःच्या बापाच्या अंगठ्याची. मी भाजी चिरत असले आणि ते मागून आले की माझी मान आपोआप आखडते. मी त्यांच्याकडे पाठ करून उभीच राहत नाही हल्ली, भिंतीला टेकूनच असते. हे कुणाला सांगितलं तर लोक तोंडात शेण घालतील.

डॉक्टर म्हणाले, असं होतं. डोळ्यांना चेहरा कळतो, पण चेहरा बघून जे आतून हलायला हवं ते हलत नाही, म्हणून माणूस म्हणतो, हुबेहूब आहे पण ती नव्हे. म्हणाले, वाद घालू नका, गोळ्या द्या, सुऱ्या-कात्र्या आत ठेवा. मी विचारलं, “आणि अंगठा कुठे ठेवू?” त्यांना कळलं नाही.

गोळ्या देणार कशा? माझ्या हातचं ते काही खातच नाहीत. चहा घेतात, तो पण समोर करायला लावून, आधी मला एक घोट घ्यायला लावून. जेवणाचं ताट तसंच परत. ह्यांनी दिलं तरी तेच, शिजवलं कुणी हे त्यांना माहीत आहे. बाहेरून आणलं तरी पुडा कुणी उघडला विचारतात. मग खातात काय सांगू? मुनियांचा भिजवलेला राळा. डब्यातून मूठभर काढतात, तळहातावर घेऊन चघळत बसतात. “पक्ष्यांच्या खाण्यात कुणी काही घालत नाही,” म्हणतात. पँट दोरीने बांधावी लागते. गालफडं आत गेलीत. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर दाखल करावं लागेल, तिथे बांधून नळीने भरवतील. हे म्हणतात, करूया. मी म्हणते, नको. आणि नको म्हणताना मनात एक बाई ‘हो, न्या, माझी सुटका करा’ म्हणत असते. ती बाई कुठून आली मला माहीत नाही.

सगळ्यात वाईट ते सांगते आणि थांबते. काल त्यांनी कपाट उघडलं, साड्या बाजूला केल्या, मागे हात घालून बघितलं. मग पलंगाखाली. मी विचारलं, “काय शोधताय?” तर हात जोडले, ताई. माझ्यासमोर. म्हणाले, “बाई, तुम्ही तिला कुठे ठेवलीय तेवढं सांगा. माझी बदक साधी आहे हो. तिला मारू नका.”



ये ना गं.

बदक


१४ मार्च

ताई,

पोस्टमन आता मला बघितलं की लांबूनच हात हलवतो, नाही म्हणून. तुझा पत्ता बदललाय का? की कार्डावर एवढंच लिहायचं राहिलंय, ‘भोगा’?

आज अप्पांनी तुझं विचारलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. राळा चघळत होते, मधेच म्हणाले, “आमची थोरली कुठे असते, तुम्हाला ठाऊक आहे? तिला बोलवा. घार आहे ती. एका नजरेत सांगेल खरी कोण नि खोटी कोण.”

मला तुझा इतका राग आला की काय सांगू. मी त्यांचं धुते, पुसते, त्यांच्यासाठी उष्टा चहा करते. तू मान वर करून निघून गेलीस, तुझा निकाल मात्र ते मानणार! मी भांडी इतकी आपटली की एका कपाचा कान गेला. मग तो कान हातात घेऊन बसले आणि वाटलं, बरोबर बोलले ते. येऊन तूच सांग त्यांना. माझ्याकडे बोट दाखव आणि सांग, हीच ती. तुझं ऐकतील. आज पुन्हा ताट परत आलं. हे म्हणतात, सोमवारी न्यायचं, आता ऐकणार नाही.

बदक


१५ मार्च

ताई,

घाईत लिहितेय, अक्षर लागलं तर बघ.

आज दुपारी हे दुकानात होते. अप्पा आंघोळीला गेले म्हणून मी पटकन वर गेले. जाळीघरात ते मला येऊ देत नाहीत, पण पाण्याच्या वाट्यांना शेवाळ धरलं होतं, पक्ष्यांचा काय दोष? मी आत वाकून वाटी घासत होते आणि मागे कडी लागली.

बाहेरून.

वळून बघितलं तर अप्पा. अंग कोरडं, आंघोळीला गेलेच नव्हते. नळ मात्र सोडून ठेवला होता, खालून आवाज येत होता. एका हातात पक्षी धरायचं लांब दांड्याचं जाळं. मला फसवून पकडलं होतं त्यांनी, ताई, आपण पक्ष्यांना पाणी दाखवून कोपऱ्यात घेतो तसं.

मी म्हटलं, “अप्पा, कडी काढा.”

“काढतो बाई. घाबरू नका. खात्री करून घ्यायला पाहिजे एकदा.” आवाज अगदी मऊ. पकडलेल्या पक्ष्याशी बोलतात ना, तोच आवाज. “समोरून काही कळत नाही. बसलेली काय, कुणाचीही असते. उडा.”

“मला उडता येत नाही, अप्पा.”

त्यांनी विचार केला. खरंच विचार केला, डोकं एका बाजूला करून. “मग चाला,” म्हणाले. “पाठ करा आणि चाला, त्या भिंतीपर्यंत.”

महिनाभर मी ज्या माणसाला पाठ दाखवली नव्हती त्याला पाठ करायची. खाली नळ वाहतोय, माझी हाक कुणाला ऐकू जाणार? मी वळले. हातात ती ओली वाटी तशीच. चालायला लागले. पाय कसे टाकायचे तेच विसरले होते. मागे कडी निघाली. दार उघडलं, लागलं. ते आत आले. मुनिया सगळ्या एकदम उडाल्या, माझ्या कानाशी, केसांत, सगळीकडे फडफड. मी भिंतीशी पोचले आणि थांबले. जाळीतून समोरची गच्ची दिसत होती, तिथे कुणाचा तरी टॉवेल वाळत होता. मला वाटलं, हे शेवटचं दिसतंय मला, कुणाचा तरी निळा टॉवेल.

त्यांचा हात माझ्या मानेवर आला. अंगठा बरोबर कानाखाली.

मी डोळे मिटले.

“बदके,” अप्पा म्हणाले, “डावा पाय सरळ टाक की गं. किती वर्षं सांगायचं?”

ताई, मी वळले नाही. कसं सुचलं देव जाणे, पण वळले नाही. मी जाळीला कपाळ टेकलं आणि तिथेच रडायला लागले. आणि ते माझी मान चोळत होते, त्याच अंगठ्याने, लहानपणी परीक्षेच्या दिवसांत चोळायचे तशी. “कुठे होतीस गं? किती शोधलं तुला.”

“इथेच होते, अप्पा.”

“जपून राहा हो. घरात एक बाई आलीय, हुबेहूब तुझ्यासारखी.” मग म्हणाले, “वाईट नाही तशी. चहा बरा करते. पण आपली नाही.”

मला रडताना हसू फुटलं. मी म्हटलं, “अप्पा, जेवलात का?”

“तू दिल्याशिवाय कसा जेवणार?”

मी तशीच, पाठमोरी, खेकड्यासारखी सरकत दाराबाहेर आले, जिना उतरले, ते मागून माझा पदर धरून. नळ बंद केला. स्वयंपाकघरात ओट्याकडे तोंड करून उभी राहिले आणि मागे हात करून दुधात बुडवलेले पावाचे तुकडे देत राहिले. ते एकेक घेत होते आणि खात होते. मला फक्त बोटं लागत होती आणि चावल्याचा आवाज येत होता. दोन अंडीही खाल्ली. गोळी मी तशीच दिली, “अप्पा, ही घ्या” म्हणून, आणि त्यांनी का म्हणून विचारलंसुद्धा नाही.

मग ठसका लागला त्यांना. जोरात. आणि मी विसरले, ताई. बाप ठसकला तर कोण वळणार नाही? मी पाण्याचा पेला घेऊन वळले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. हात पटकन मागे घेतला, चटका बसल्यासारखा. मग माझ्या खांद्यावरून मागे बघायला लागले, ओट्याकडे, खिडकीकडे. “अहो बाई,” म्हणाले, “ती आत्ता इथे होती.”

तेव्हापासून मी घरात भिंतीकडे तोंड करून वावरतेय. हे दुकानातून आले तर आधी त्यांना वाटलं, भांडण झालं. मग त्यांनीही बघितलं, अप्पा माझ्या पाठीशी कसे बोलतात ते, आणि बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ तोंड धुतलं. सोमवारचं रद्द केलंय त्यांनी. मी घासाघासाने भरवीन, उलट्या हाताने. पण हे किती दिवस चालणार? चेहरा घेऊन जन्मलेल्या माणसाने चेहरा कुठे ठेवायचा?

म्हणून ये. आता विनंती नाही, सरळ सांगतेय. आणि कसं यायचं तेही सांगते, तू मला फुंकर मारायला सांगितलंस तसं.

समोरून येऊ नकोस. दारातून ‘अप्पा’ म्हणत हसत आलीस तर तुलाही ‘अहो बाई’ म्हणतील, आणि ते तू सोसणार नाहीस, मला माहीत आहे. तुला एक ठाऊक नाही. तू निघालीस त्या दिवशी मागे वळून बघितलं नाहीस, म्हणून ठाऊक नाही. अप्पा धावत गच्चीवर गेले होते. कठड्याशी उभे होते, ती मेलेली पिल्लं बाजूला आणि तू खाली रस्त्यावर, बॅग उजव्या हातात, खांदा एका बाजूला कललेला. तू कोपऱ्यावरून वळलीस तरी ते हलले नाहीत. मी बोलवायला गेले, तर म्हणाले, “थांब, अजून दिसतेय.” तू दिसत नव्हतीस. पण तुझी पाठ त्यांनी तेवढी बघितलीय, ती ओळखायला चुकणार नाहीत.

मला दोन भीती आहेत, त्या लपवत नाही. एक, ते तुला ओळखणार नाहीत. दुसरी, समोरून आलीस तरीही ओळखतील, एका नजरेत, आणि मग ह्या घरात खोटी अशी मी एकटीच उरेन. दुसरीची जास्त वाटते. तरी ये.

गच्चीच्या जिन्यात वरून दुसरी पायरी आहे ना, जिथे आपण बसायचो, तिथे मी रविवारी सकाळी रस्त्याकडे तोंड करून बसलेली असेन. अप्पा वर जाळीघरात असतील. बॅग उजव्या हातातच धर. वर ये, माझ्याशी बोलू नकोस, माझ्या डाव्या बाजूला जागा ठेवते, तिथे बस. ते आपल्या मागे येऊन उभे राहतील तेव्हा मानेवर हात पडेल. घाबरू नकोस. आणि काही झालं तरी मागे वळून बघू नकोस, त्या दिवशी नाही बघितलंस तसं.

बदक